शर्यतीची सायकल आणि तिचा खर्च

घरांतील मुलानें सायकल मागितली तर मध्यमवर्गीय गृहस्थाला त्यांत विशेष असें कांहीं वाटत नाहीं. शाळेला जाण्यायेण्याची सोय होते, अंगाला व्यायाम होतो आणि बसचें भाडें वांचतें. परंतु तोच मुलगा दोन-तीन वर्षांनीं जेव्हां शर्यतीची सायकल मागतो, तेव्हां घरांत निराळाच प्रसंग उभा राहतो. दुकानांत चौकशी केली म्हणजे कळतें कीं, साध्या ॲल्युमिनियमच्या फ्रेमची शर्यती सायकल पन्नास हजार रुपयांच्या आसपास मिळते. कार्बनच्या तंतूंची फ्रेम हवी म्हटली कीं गोष्ट लाखांवर जाते. आणि युरोपांतील नामांकित स्पर्धक ज्या गाडीवर बसतात तसलीच गाडी हवी असेल, तर दहा लाखांचीही मर्यादा ओलांडावी लागते. वडील म्हणतात, हा श्रीमंतांचा खेळ आहे. मुलगा म्हणतो, चांगल्या गाडीवांचून शर्यतींत उतरणेंच व्यर्थ आहे. मौज अशी कीं, वाद घालणाऱ्या या दोघांचा मूळ समज एकच असतो. आणि तो म्हणजे वेग पैशानें विकत मिळतो. हा समज कितपत खरा, हें तपासून पाहण्यासारखें आहे. कारण त्याच्याच पायीं कांहीं घरांत मुलाची हौस अकारण मारली जाते, आणि कांहीं घरांत नको तेथें पैसा ओतला जातो.

सायकल चालविणाऱ्याला चार गोष्टी मागें ओढीत असतात: समोरची हवा, रस्त्यावर दबत फिरणाऱ्या टायरांचा विरोध, चढ, आणि यंत्राच्या अंगचें घर्षण. या चारांचा वांटा ठाऊक नसेल, तर पैसा कोठें घालावा आणि कोठें घालूं नये हें कळणें कठीण. सपाट रस्त्यावर ताशीं 40 किलोमीटर वेगानें एकट्यानें जाणाऱ्या स्वाराच्या शक्तीचा सुमारें चार पंचमांश किंवा त्याहूनही अधिक भाग केवळ हवेशीं झगडण्यांत खर्च होतो. शिवाय हा शत्रु मोठा हिशेबी आहे. वेग वाढला कीं हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, आणि तो तोडण्यास लागणारी शक्ति वेगाच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. ताशीं 30 किलोमीटरवरून 40 वर जावयाचें म्हटलें, तर वेग एक तृतीयांशानेंच वाढतो. पण हवेसाठीं लागणारी शक्ति सव्वादोन पटींहून अधिक होते. आणि हवेच्या आड येणारें जें कांहीं असतें, त्यांतला साधारणतः तीन चतुर्थांश भाग स्वाराच्या स्वतःच्या शरीराचा असतो. सायकलीचा वांटा उरलेल्या एक चतुर्थांशाचा. म्हणजे दुकानाच्या कांचेआड झळकत असलेल्या, दहा लाखांच्या गाडीनें जी सुधारणा करावयाची, ती या धाकट्या वांट्यांतच करावयाची असते.

गिऱ्हाइकाला भुलविण्याचा दुकानदाराचा नेहमींचा उपाय म्हणजे सायकल दोन बोटांवर उचलून दाखविणें. हलकेपणा डोळ्यांना दिसतो, हाताला कळतो, आणि म्हणून तोच वेगाचें मूळ आहे असें वाटूं लागतें. परंतु येथेंही थोडें गणित केलेलें बरें. समजा, स्वाराचें वजन 75 किलो आहे आणि त्याच्या सायकलीचें 8 किलो. म्हणजे चढावर एकूण 83 किलोंचा भार वर न्यावयाचा आहे. तासभर चालणारा एखादा मोठा घाट असेल, तर गाडीचें वजन एक किलोनें घटविल्यानें त्या तासांतून सुमारें 40 सेकंद वांचतात. घाटांत निकाल लागणाऱ्या मोठ्या शर्यतींत 40 सेकंद म्हणजे पुष्कळ झाले, हें खरें. मुंबई-पुणें शर्यतींतील बोरघाटाचा अनुभव असलेल्याला तें सांगावयास नको. पण सपाटीवर हा लाभ जवळजवळ नाहींसा होतो, आणि तो मिळविण्यासाठीं मोजावी लागणारी रक्कम मात्र अनेकदां लाखाच्या घरांत जाते. आणखी असें कीं, आंतरराष्ट्रीय सायकल संघानें 2000 सालीं असा नियम घातला कीं, शर्यतीच्या सायकलीचें वजन 6.8 किलोंहून कमी असतां कामा नये. पुढें कारागिरांची मजल याच्याही खालीं गेली, आणि कित्येक पथकांच्या मिस्त्रींवर गाडी नियमांत बसविण्यासाठीं तिला वजनें जोडण्याची पाळी आली! हलकेपणासाठीं लाखों खर्चावे आणि मग वर शिसें बांधावें, असा हा प्रकार. तेंच एक किलो प्रौढ स्वाराच्या सुटलेल्या पोटावरून उतरलें तर फळ तेवढेंच मिळतें, आणि खर्च कांहींच होत नाहीं. अर्थात् वाढत्या वयाच्या मुलांनीं उपाशी राहून वजन उतरविण्याच्या भरीस पडूं नये. त्यांत वेगही जातो आणि प्रकृतीही जाते.

हवेचा मोठा वांटा शरीराचा असेल, तर पहिली सुधारणा शरीराच्या ठेवणींत केली पाहिजे, हें ओघानेंच आलें. या बाबतींत स्कॉटलंडच्या ग्रेम ओब्री याची कथा ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. बंदिस्त वर्तुळाकार मार्गावर एका तासांत अधिकांत अधिक अंतर तोडणें, हा सायकलींतला अत्यंत मानाचा विक्रम. एडी मर्क्स या बेल्जियन वीरानें 1972 सालीं मेक्सिको शहरीं 49.431 किलोमीटर अंतर तोडून तो केला. 1984 सालीं तेथेंच इटलीच्या फ्रान्सेस्को मोझेर यानें, शास्त्रज्ञांचें साहाय्य व खास बनविलेलीं भरींव चाकें घेऊन, तो 51.151 किलोमीटरांवर नेला. नऊ वर्षें तो अबाधित राहिला. ओब्रीच्या हातीं पैसा बेताचा. त्यानें आपली सायकल स्वतःच्या हातांनीं तयार केली, आणि तिच्यांत कपडे धुण्याच्या यंत्रांतलें एक बेअरिंग बसविलें. परंतु त्याची खरी करामत लोखंडांत नव्हती. त्यानें हँडल छातीजवळ आणून कोपरें मिटलीं, हात बरगड्यांखालीं घेतले, गुडघे एकमेकांच्या जवळून फिरावेत म्हणून दोन्ही पायडलांमधलें अंतर घटविलें, आणि अशा रीतीनें स्वतःचें शरीर हवेला शक्य तितकें लहान करून दाखविलें. 16 जुलै 1993 रोजीं नॉर्वेंतील हामार येथें त्यानें केलेला पहिला प्रयत्न जवळजवळ एक किलोमीटरानें फसला. थकलेल्या अंगानें दुसऱ्याच दिवशीं सकाळीं तो पुन्हां गाडीवर बसला, आणि 51.596 किलोमीटर अंतर तोडून त्यानें मोझेरचा विक्रम मोडला. 

या कथेला पुढची बाजूही आहे, आणि ती न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. सहाच दिवसांनीं इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमन यानें फ्रान्समधील बोर्दो येथें 52.270 किलोमीटर अंतर तोडून विक्रम आपल्या नांवावर केला. 1994 च्या एप्रिलमध्यें ओब्रीनें तो पुन्हां मिळविला. पण त्याच वर्षीं आंतरराष्ट्रीय संघानें त्याच्या त्या बसण्याच्या पद्धतीवर बंदी घातली. पुढें 2022 सालीं इटलीच्या फिलिप्पो गान्ना यानें स्वित्झर्लंडमधील ग्रेंखेन येथें 56.792 किलोमीटरांचा जो विक्रम केला, तो धातूच्या भुकटीचे थर जुळवून घडविलेल्या खास फ्रेमवर, एका धनाढ्य पथकाच्या पाठबळानें. जगाच्या शिखरावर, जेथें दोन स्वारांच्या अंगची शक्ति सारखीच असते, तेथें पैसा बोलतो, यांत शंका नाहीं. पण तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या शर्यतींत उतरणाऱ्या मुलाचा प्रश्न शिखरावरचा नसतो. पायथ्याशीं शरीर वांकविण्यानें जें मिळतें, तें विकत घेण्याची गरजच नसते.

बसण्याची रीत सुधारण्यास काय लागतें? प्रथम सीटची उंची ठीक हवी. पायडल अगदीं खालीं असतांना टांच त्यावर टेकवावी. पाय गुडघ्यांत सरळ झाला म्हणजे उंची साधारणतः बरोबर आहे असें समजावें. चालवितांना पायाचा चवडा पायडलावर असतो; त्यामुळें गुडघा आपोआप किंचित् वांकलेला राहतो. मग हँडल हळूहळू, एका वेळीं अर्धा-एक सेंटिमीटर, खालीं आणावें. आणि वांकलेल्या कोपरांनीं, पाठ आडवी ठेवून, तासभर न कुरकुरतां चालवितां येईल असा सराव करावा. एकदम खालीं वांकण्याचा हट्ट धरला तर कंबर आणि मान यांची तक्रार सुरू होते, आणि वांचलेली शक्ति तेथें खर्ची पडते. याहूनही मोठी बचत सोबतीनें होते. पुढच्या स्वाराच्या मागच्या चाकाला लागून चालणाऱ्याची शक्ति सुमारें एक तृतीयांशानें वांचते. दाट घोळक्यांत तर त्याहूनही अधिक. म्हणून चार-पांच मित्रांनीं आळीपाळीनें पुढें होऊन रविवारीं पहाटे चालविण्याची संवय लावून घेतली, तर लाखाच्या चाकांनीं येत नाहीं इतका वेग फुकट येतो. मात्र सोबतीच्या चाकामागें हातभर अंतरावर चालविण्याला विश्वास आणि शिस्त लागते. ती अंगीं बाणल्याशिवाय शर्यतीच्या गर्दींत शिरणें धोक्याचें आहे.

शरीरानंतर विचार करावयाचा तो टायरांचा. हवा भरलेला टायर जॉन डनलॉप यानें बेलफास्ट येथें 1888 सालीं आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीला बसविला. दुसऱ्याच वर्षीं विल्यम ह्यूम नांवाचा स्वार तसल्या टायरांवर बसून शर्यतींत उतरला, तेव्हां ते जाडे टायर पाहून लोक हंसले. पण शर्यती त्यानेंच जिंकल्या. त्या हंसण्यांत जी चूक होती, तीच चूक पुढें शंभर वर्षें निराळ्या रूपानें चालू राहिली. टायर जितका अरुंद आणि हवा जितकी ठांसून भरलेली, तितकी गाडी वेगवान, असें सारे मानीत. गुळगुळीत लाकडी मार्गावर तें बऱ्याच अंशीं खरेंही आहे. परंतु खडीच्या, ठिगळें लावलेल्या रस्त्यावर दगडासारखा कठीण टायर प्रत्येक खड्याबरोबर उसळतो, आणि गाडीला व माणसाला वर उचलण्यांत शक्ति वायां जाते; किंचित् मऊ टायर तोच खडा पोटांत घेऊन पुढें जातो. म्हणून नामांकित पथकांनींही 23 मिलिमीटर रुंदीचे टायर सोडून 28 मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर घेतले. 65 किलो वजनाच्या स्वाराला 28 मिलिमीटरच्या टायरांत 65 ते 75 पौंड दाब बहुधा पुरतो. 110 ते 120 पौंड भरण्याची जुनी संवय सोडून द्यावी. टायरावर आणि चाकाच्या रिमवर छापलेली दाबाची कमाल मर्यादा मात्र केव्हांही ओलांडूं नये. चांगल्या टायरांची जोडी कांहीं हजार रुपयांत येते. आणि पैशाच्या मानानें वेगांत पडणारी भर पाहिली, तर विकत घेण्याच्या सर्व वस्तूंत तिची बरोबरी करणारी दुसरी वस्तु क्वचितच सांपडेल. पण उत्तम टायरांतही हवा रोज थोडी थोडी झिरपतच असते. दाब दाखविणारा एक पंप घरीं ठेवून दर वेळीं निघण्यापूर्वीं दाब तपासणें, आणि टायराच्या रबरांत रुतलेले कांचेचे बारीक तुकडे नखानें काढून टाकणें, या दोन मिनिटांच्या कामानें निम्मीं पंक्चरें टळतात असें म्हटलें तरी चालेल.

यंत्राच्या घर्षणाचा विचार म्हणजे मुख्यतः साखळीचा विचार. स्वच्छ आणि वंगण घातलेली साखळी स्वाराच्या शक्तीचे शंभरांपैकीं सुमारें 97 भाग मागच्या चाकाला पोंचविते. इतकें कार्यक्षम यंत्र घरांत दुसरें सांपडणें कठीण. पण तीच साखळी धुळीनें आणि काळ्या तेलानें माखली, कीं आणखी दोन-तीन भाग वाटेंतच जिरतात. आणि त्याहून वाईट म्हणजे तेलांत कालवलेली ती धूळ कानशीसारखी काम करूं लागते. साखळी ताणली गेली असें म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः पोलादाच्या पट्ट्या ताणल्या जात नाहींत; त्यांना जोडणाऱ्या खिळ्या आणि त्यांच्या भोंवतालचीं कडीं झिजतात, आणि प्रत्येक सांध्यांत केसाएवढी पडलेली ही फट शंभराहून अधिक सांध्यांत मिळून साखळी लांब करते. लांबलेली साखळी दंतचक्राच्या दांत्यांवर नीट बसत नाहीं. ती दांतेही आपल्या मापाचे करून घेते.

ही झीज मोजण्यास पोलादी पट्टी पुरते. साखळीच्या दोन शेजारच्या खिळ्यांमध्यें मूळचें अंतर बरोबर अर्धा इंच असतें. कोणत्याही एका खिळीच्या मध्यापासून पुढें चोवीस खिळ्या मोजाव्या. नव्या साखळींत हें अंतर बरोबर 12 इंच भरतें. तें बारा इंच आणि वर इंचाचा सोळावा भाग इतकें झालें, कीं साखळी बदलावी. आळसानें ती तशीच राहूं दिली आणि वाढ इंचाच्या आठव्या भागावर गेली, तर मागचीं दंतचक्रेंही बदलावीं लागतात, आणि त्यांची किंमत साखळीच्या किंमतीहून पुष्कळ अधिक असते. वेळेवर खर्च केलेले दोन हजार रुपये पुढचे सहा हजार वांचवितात, असा हा सरळ हिशेब आहे.

श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं हें काम करणारें कोणी असेल, त्यांना मेणाचा उपाय सांगण्यासारखा आहे. साखळी एकदां तेल विरघळविणाऱ्या द्रवांत चांगली धुऊन काढावी, इतकी कीं पांढऱ्या फडक्यावर डाग उठूं नये. मग एका भांड्यांत पाणी उकळून त्या भांड्यांत दुसरें लहान भांडें ठेवावें, आणि त्यांत शुद्ध पॅराफिन मेण वितळवावें. पूर्ण वाळलेली साखळी त्यांत दहा-पंधरा मिनिटें बुडवून ठेवावी, हलवावी, आणि बाहेर काढून टांगावी. मेण सांध्यांत शिरतें व थिजतें. त्याला धूळ चिकटत नाहीं, हात काळे होत नाहींत, आणि साखळीचें आयुष्य वाढतें. दोन गोष्टींची सावधगिरी मात्र हवी. मेणाचें भांडें थेट जाळावर ठेवूं नये, आणि धुण्यासाठीं पेट्रोल किंवा तत्सम ज्वालाग्राही द्रव वापरला असेल, तर तो स्वयंपाकघरापासून आणि विस्तवापासून फार दूर असावा. पावसाळ्यांत मेण लवकर धुऊन जातें. तेव्हां प्रत्येक भिजलेल्या फेरीनंतर साखळी पुसून कोरडी करावी व वंगणाचा नवा हात द्यावा.

निगा म्हणजे नुसती टापटीप नव्हे. शर्यतींत तिच्यावर सारें अवलंबून असतें, हें फ्रान्सच्या युजेन क्रिस्तोफ या स्वाराच्या नशिबानें जगाला शिकविलें. 1913 च्या तूर द फ्रान्स शर्यतींत पिरेनीज पर्वतांतील तूरमाले घाट उतरतांना, पुढचें चाक धरून ठेवणारा त्याच्या सायकलीचा चिमटा मोडला. त्या काळचा नियम असा कीं, स्वारानें आपली गाडी स्वतःच दुरुस्त करावयाची; दुसऱ्या कोणाची मदत घ्यावयाची नाहीं. क्रिस्तोफनें सायकल खांद्यावर टाकली, पायीं चालत तो सेंत मारी द कांपां या खेड्यापर्यंत उतरला, आणि तेथील लोहाराच्या भट्टीवर त्यानें स्वतः तो चिमटा सांधला. शर्यतीचे पंच शेजारीं उभे राहून पाहत होते. दोन्ही हात कामांत गुंतलेले असल्यामुळें त्यानें एका पोराला भाता ओढूं दिला, एवढ्यासाठीं त्याला वेळेचा दंड झाला! शर्यत त्यानें पुरी केली, पण जिंकण्याची आशा त्या भट्टींत जळून गेली. 1919 सालीं, अग्रेसर स्वाराचा पिवळा सदरा इतिहासांत प्रथम ज्याच्या अंगावर चढला, तो हाच क्रिस्तोफ. आणि शर्यत संपत आली असतां पुन्हां त्याचा चिमटाच मोडला. तूर द फ्रान्स त्याला कधींच जिंकतां आली नाहीं.

आजच्या मुलाला भट्टी पेटवावी लागत नाहीं. पण मोडणारी वस्तु बहुधा मोडण्यापूर्वीं सूचना देते, हा धडा कायमचा आहे. शर्यतीच्या दोन दिवस आधीं, आदल्या रात्रीं नव्हे, गाडी धुऊन पुसून उजेडांत पाहावी. फ्रेमच्या सांध्यांशीं, चिमट्याच्या मुळाशीं आणि हँडलच्या दांड्याशीं केसाएवढीही तडा दिसते काय. चाक फिरवितांना डुलतें काय. एखादी तार ढिली झाली आहे काय. ब्रेकच्या केबलचा एखादा धागा तुटून वर आला आहे काय. ब्रेकच्या रबरांत वाळूचे कण रुतले आहेत काय, हें एकेक करून तपासावें. कार्बनच्या फ्रेमचे स्क्रू हाताच्या जोरावर आवळूं नयेत. बहुतेक ठिकाणीं ताणाची मर्यादा, पांच न्यूटन-मीटर किंवा अशीच कांहीं, छापलेली असते, आणि तेवढ्याच ताणाला सुटणारा पाना मिळतो. धुतांना जोराच्या पाण्याचा फवारा छऱ्यांच्या जागीं मारूं नये. त्यानें ग्रीस निघून जातें व आंत गंज धरतो. या साऱ्या कामाला पैसा जवळजवळ लागत नाहीं; आठवड्याचा एक तास लागतो.

आतां खऱ्या खर्चाकडे वळावयाचें. येथें वडिलांच्या काळजींत जो सत्याचा अंश आहे, तो कबूल केला पाहिजे. गाडी विकत घेण्याचा खर्च एकदांच होतो. ती चालविण्याचा खर्च दर वर्षीं होतो, आणि त्याची कल्पना दुकानांत कोणी देत नाहीं. सराव करणारा मुलगा वर्षांत आठ-दहा हजार किलोमीटर सहज चालवितो. तेवढ्यांत दोन-तीन साखळ्या, चार टायर, दंतचक्रांचा एक संच, ब्रेकची रबरें, ट्यूबा आणि केबली झिजतात. मध्यम प्रतीच्या मालाचा हिशेब मांडला तरी वीस-पंचवीस हजारांचा आंकडा पुढें येतो. म्हणजे पन्नास हजारांची गाडी तीन वर्षांत आपल्या मूळ किंमतीहून अधिक खाते. लाखांच्या गाडीचे सुटे भागही त्याच मानानें महाग असतात. म्हणून गाडीवर सगळी शिल्लक खर्चून झिजेसाठीं कांहींच न ठेवणें, ही या खेळांतली सर्वांत सामान्य आणि सर्वांत महाग चूक होय. हाताशीं लाख रुपये असतील, तर निम्म्यांत गाडी घ्यावी आणि निम्मे पुढच्या दोन वर्षांसाठीं राखून ठेवावे.

याशिवाय प्रवेशशुल्क, परगांवचा प्रवास आणि मुक्काम हे खर्च आहेतच. आहाराचा खर्च मात्र वाटतो तितका नाहीं. दोन तासांहून लांबच्या फेरींत ताशीं सुमारें 60 ग्रॅम साखर किंवा पिष्टमय अन्न पोटांत जावें, असें शास्त्र सांगतें. तें विलायती पुड्यांतूनच जावें असें सांगत नाहीं. केळीं, गुळाची चिक्की, खजूर, आणि लिंबू-साखर-मिठाचें पाणी यांनीं तें काम होतें. आणि ज्या ठिकाणीं काटकसर मुळींच करूं नये, अशा तीन जागा आहेत: डोक्यावरचें हेल्मेट, ब्रेक आणि टायर. एकदां जोराचा आघात सोसलेलें हेल्मेट बाहेरून अखंड दिसलें, तरी तें बाद समजावें. कार्बनच्या जुन्या फ्रेमचेंही तसेंच. पडझडींत आंतल्या आंत झालेली इजा वरून दिसत नाहीं. म्हणून जुनी गाडी घ्यावयाची झाल्यास, जाणत्याच्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय कार्बनपेक्षां ॲल्युमिनियमची किंवा पोलादाची घेणें अधिक सुरक्षित.

कांहीं शर्यती अशा आहेत कीं, तेथें सायकलीची किंमत ही खर्चांतली लहानशी बाब ठरते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारें 4,800 किलोमीटर जाणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत अशांपैकींच. 2015 सालीं नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं दोघांच्या गटांत ती नऊ दिवसांच्या आंत पुरी केली. 2017 सालीं नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीं ती एकट्यानें बारा दिवसांच्या आंत पुरी केली. अशा शर्यतींत स्वाराच्या मागें मोटारी आणि माणसांचें सबंध पथक अहोरात्र चालतें. त्यांचा प्रवास, राहणें आणि इंधन हाच खरा खर्च.

याच्या अगदीं उलट टोंकाला ‘ब्रेव्हे’ नांवाच्या लांब पल्ल्याच्या सफरी आहेत. 1891 सालीं सुरू झालेल्या पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस या जुन्या शर्यतीशीं त्यांचें नातें आहे. मुंबई, पुणें, नाशिक, नागपूर येथेंही त्या होतात. त्यांत पहिला-दुसरा असा क्रम नसतो. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 वीस तासांत, 400 सत्तावीस तासांत आणि 600 चाळीस तासांत पुरे करावयाचे असतात. नेमलेल्या ठाण्यांखेरीज वाटेंत मागें मदतीची मोटार आणतां येत नाहीं. पंक्चर झालें तर ज्याचें त्यानें काढावयाचें. क्रिस्तोफला भट्टीवर उभा करणारा नियम येथें सौम्य रूपानें जिवंत आहे असें म्हणतां येईल. शुल्क थोडें, गाडी कसलीही चालते, आणि दिवे, पंप, दोन ट्यूबा व पान्यांची लहान पिशवी एवढ्यावर काम भागतें. शर्यतीची हौस खरी आहे कीं गाडीची, हें पारखण्यास याहून स्वस्त परीक्षा नाहीं. 

तेव्हां घरांत तो प्रसंग उभा राहील, तेव्हां होकार-नकार देण्यापूर्वीं वडिलांनीं मुलाला किंवा मुलीला किंमतीचे आंकडे विचारूं नयेत. हातांत असलेल्या जुन्या गाडीची साखळी बारा इंचांना किती भरते, टायरांत आज दाब किती आहे, आणि ब्रेकची केबल शेवटची केव्हां पाहिली, हें विचारावें. उत्तरें तोंडावर असतील, तर बेताच्या किंमतीची शर्यती सायकल त्या हातांत देण्यास हरकत नाहीं. ती तिच्या किंमतीच्या मानानें फार दूर जाईल. उत्तरें नसतील, तर सायकल लाखांची असली तरी पहिल्या पावसाळ्यांतच तिची साखळी गंजेल, आणि घाटाच्या पायथ्याशीं तिचा धनी रस्त्याच्या कडेला बसून मागाहून येणाऱ्यांकडे पंप मागत राहील.